वाघिणीचं नाव मैना

वणी,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

ती. फुलाबाईस,
शीलाचा सविनय जय भीम. वि. वि.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण विचारायला फोन नाही. साऱ्या दुनियेच्या हातात मोबाईल आला आणि तू हातातला मोबाईल पोराला परत पाठवून मोकळी झालीस. पोस्टात अंतर्देशीय पत्र मागितलं, तर तिथली पोरगी माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. मग आतल्या कपाटातून शोधून आणलं बिचारीनं.

बातमी अशी की तुझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे तुझे जावई, जानेवारीअखेर खाणीतून रिटायर होऊन राहिले. जन्मभर डंपर चालवला आणि पाहिलं काय, तर कोळसा. म्हणून आमच्या पोरानं, विक्कीनं, पुण्यात बसून आमच्यासाठी सहल आखली आहे. आधी तुझ्याकडच्या जंगलात सफारी. मग जुन्नरकडे डोंगर चढून लेण्यांमध्ये वंदना. तिथून महाडचं तळं आणि शेवटी दापोलीचा समुद्र. आम्ही दोघं जाणार नाही, तिघं जाणार. तिसरी तू. तू नाही म्हटलंस तर मीही जाणार नाही, आणि रिटायर झालेला नवरा दिवसभर घरात बसवून ठेवल्याचं पाप तुझ्या डोक्यावर येईल.

तयारी सुरू झाली आहे. कॉलनीच्या मागे खाणीतून काढलेल्या मातीचा मोठा ढिगारा आहे ना, आमचा डोंगर तोच. रोज सकाळी आम्ही दोघं त्यावर चढतो. हे पुढे, मी मागे. वर पोचेपर्यंत नाकपुड्या काळ्या होतात. काल एका ट्रकवाल्यानं खालून ओरडून विचारलं की काका, काकू, काही हरवलं का.

आता लपवत नाही, सांगून टाकते. सफारीत आपल्याला गाईड म्हणून प्रफुल्ल मिळेल, असंच मी बुकिंग करायला लावलं आहे. दीड वर्ष होत आलं, तू पोटच्या पोराशी बोलत नाहीस. तो जंगलाच्या गेटजवळ खोली करून राहतो, तू केळापुरात एकटी, दोघांच्या मध्ये चार शेतं. भाऊजींना वाघिणीनं नेलं, ते दुःख तुम्हां दोघांचं एकच आहे ना? मग ते वेगवेगळ्या चुलींवर कशाला शिजवता? एक सकाळ त्याच्या गाडीत बस, एवढंच माझं म्हणणं आहे.

उत्तर लवकर धाड. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शीला


केळापूर,
ता. २९ नोव्हेंबर २०२४

चि. शीलास,
अ. उ. आशीर्वाद अन् जय भीम.

तुहं पत्र भेटलं. बालवाडीत शिकवाले लागली तवापासून तू पुस्तकावानी लिहितं. मी आपली बोलतो तशीच लिहितो, समजून घेजो. जवाईबापूले सांगजो, ढिगाऱ्यावर चढतानी तोंडाले फडकं बांधा.

जंगलात मी येत नाई. काहून येत नाई, ते तुले कोणी सांगतलं नसन, म्हणून सांगतो. मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी त्याचा डबा घेऊन गेटवर गेलती. भाकर अन् चण्याच्या वाळल्या पाल्याची सुकडी होती, त्याले आवडते म्हणून. तो गाडीजवळ पाठमोरा उभा होता, लोकायले सांगून राह्यला होता. मी मागं थांबली. म्हटलं, पोरगं कसं बोलते ते तरी आयकू. तो सांगे का इथं मैना नावाची वाघीण आहे. तिनं एका माणसाले मारलं होतं. तो माणूस वाकून पराटीचा कापूस वेचून राह्यला होता, तिले वाटलं का ढोर आहे. म्हणून मैनाची काही चूक नाई. त्याच्यावर गाडीतली एक बाई म्हणे, बिच्चारी मैना.

शीला, वाघिणीले नाव आहे. त्याच्या बापाले नाव नाई. तो माणूस म्हणे. तुह्या भाऊजीच्या आधीचे लेकरं जगले नाई म्हणून माह्या सासूनं याले उकिरड्यावर ठेवलं अन् परत उचलून आणलं. उकंडा नाव ठेवलं, का मरणाची नजर याच्यावर जाऊ नये. एवढं करून राखलेलं नाव. ते पोरानं गिळून टाकलं अन् वाघिणीची वकिली केली. मी डबा तसाच घरी आणला. मोबाईल त्यानंच घेऊन देल्ला होता, तो दुसऱ्या दिवशी पाठवून देल्ला.

समुद्राचं म्हणशीन तं मले पाह्याचा जीव होते. तुह्या भाऊजीले एकच कोडं पडे. समुद्राचं पाणी खारं, त्यात मासे जन्मभर राह्यतात, मंग आपण त्याइच्या कालवणात वरून मीठ कायले टाकतो? मी म्हणे, जाऊन पाहू कधी. ते राह्यलंच.

तुम्ही दोघं जा. माह्यासाठी थांबू नोको. जीव लावतं तशीच लाव, कमी केलं तं मले कळते.

तुही बाई,
पंचफुला


वणी,
ता. १० डिसेंबर २०२४

ती. फुलाबाईस,
शीलाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हे मला खरंच माहीत नव्हतं. माझी समजूत होती की तो त्या जंगलात नोकरी करतो म्हणून तुझा राग आहे.

रविवारी प्रफुल्ल वणीला आला होता. मी त्याला जेवायला बसवलं आणि सरळ विचारलं. एवढंच म्हणाला की गाईडला सांगावं लागतं, लोक विचारतातच. मी म्हटलं, अरे, सांग ना, पण बाप म्हणून सांग. त्यावर तो उठून हात धुवायला गेला. ताटात भात तसाच होता. बाई, त्याचे गाल बसले आहेत. तुझ्यासारखाच हट्टी आहे आणि तुझ्यासारखाच वाळून चालला आहे.

म्हणून मी आता तुला नाही म्हणू देणार नाही. तूच सांग, त्यानं काय करावं म्हणजे तू गाडीत बसशील? जे असेल ते मी त्याच्याकडून करून घेते.

तोवर मी तुझ्यासाठी बूट घेतले आहेत. तुझा पाय माझ्याएवढाच, म्हणून घालून पाहिले. निळे आहेत, खाली रबराचे दात आहेत. विक्की म्हणतो, डोंगरात चप्पल चालत नाही आणि समुद्रात लुगडं चालत नाही, लाटेत पायांना गुंडाळतं. मग समुद्रात काय घालायचं, असं मी विचारलं, तर तो हसायलाच लागला. मी दोघींसाठी सलवार शिवायला टाकल्या आहेत. तुला सलवारमध्ये पाहायला मी वणीहून दापोलीपर्यंत पायी यायला तयार आहे.

उत्तराची वाट पाहते. रागाव, पण माया आटवू नकोस.

तुझी,
शीला


केळापूर,
ता. २२ डिसेंबर २०२४

चि. शीलास,
अ. उ. आशीर्वाद, जय भीम.

बूट भेटले. एसटीच्या कंडक्टरनं पिशवी देल्ली अन् विचारलं का आजी, कुठं पळायची शर्यत आहे काय. घालून आंगणात फिरली. कोंबड्या भेल्या. भुरीबाई शेजारीण पाहाले आली, तिनंबी पायात घालून पाह्यले अन् म्हणे का हे तं पायाले गादी आहे. आता ते रोज विचारते का कधी जाता. मी शाळेमागच्या टेकडीवर जाऊन येतो सकाळी. मास्तर गमतीनं म्हणतात का बाई, निवडणुकीले उभ्या राहता काय.

पाह्य, मी हसून राह्यली. लय दिवसानं.

मंग तू विचारलं, म्हणून सांगतो. मी गाडीत बसतो. पण माही एक अट आहे. मैनाचं सांगायची वेळ आली का त्यानं परक्या लोकायपुढं म्हणावं, का तो माहा बाप होये अन् त्याचं नाव उकंडा होये. बस. वाघिणीले दोष देऊ नोको म्हणा, सरकारनं त्याले जसं शिकवलं तसं सांगू दे. फक्त बापाले बाप म्हण. एवढं केलं का मी त्याच्यासंग बोलन, त्याच्या हातचा चहा पिईन, अन् तुह्यासंग डोंगर नाई, दुनियेच्या टोकाले येईन. नाई केलं तं सलवार परत शिवणाऱ्याले देऊन टाकजो.

मले माह्या पोराचं वाईट पाहायचं नाई. पण घरात बसून मीच एकटी त्याच्या बापाचं नाव घेतो. मी गेल्यावर कोण घेईन?

जवाईबापूले जय भीम सांगजो. आठवण येते तशी लिहित राह्यजो.

तुही बाई,
पंचफुला


ता. ५ जानेवारी २०२५

ती. शीलामावशीस,
प्रफुल्लचा स. जय भीम.

मावशी, तुम्ही फोनवर आईची अट सांगितली तेव्हा मी हो-नाही काहीच बोललो नाही. गाडीत लोक होते. आणि फोनवर बोलणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून लिहितो.

मले अट मान्य आहे. मी म्हणीन. आईनं घरी यायचं सांगितलं असतं, पाया पडायचं सांगितलं असतं, तं ते सोपं गेलं असतं. पण तिला हेच पाहिजे असन तं हेच.

ट्रेनिंगमध्ये आम्हाले शिकवलं होतं, पाहुणे घाबरले नाई पाहिजे आणि जनावराबद्दल त्यांच्या मनात राग आला नाई पाहिजे. पण मी तो माणूस म्हणतो ते त्याच्यासाठी नाई. ते काहून, ते मले नीट सांगता येत नाई. दिवसाला दोन फेऱ्या असतात मावशी, सकाळ आणि दुपार. प्रत्येक गाडीत कोणी ना कोणी विचारतेच.

एकच विनंती आहे. त्या दिवशी पूर्ण जिप्सी गाडी तुमच्याच नावानं घ्या. तुम्ही, काका आणि आई. बाहेरचं कोणी नको. त्या वळणावर गाडी थांबवून मी तुमच्यापुढं सगळं म्हणीन. आईला तेवढं समजावा.

थंडी फार आहे, पहाटे गाडी उघडी असते. आईला स्वेटर घालून आणा.

तुमचा,
प्रफुल्ल


वणी,
ता. १२ जानेवारी २०२५

ती. फुलाबाईस,
शीलाचा सविनय जय भीम. वि. वि.

घे, तुझ्या पोरानं अट मानली. त्याचं पत्र आलं ते मी तीनदा वाचलं आणि यांनी एकदा वाचून चष्मा पुसला. नऊ फेब्रुवारीची सकाळची फेरी आहे.

त्याची एकच मागणी आहे. गाडीत आपणच तिघं असावं, परकं कोणी नको. मला ते रास्त वाटतं. लाजरा आहे गं तो, लहानपणी पाहुणे आले की कणगीच्या मागे लपून बसायचा. हे म्हणतात, पूर्ण गाडी घेऊन टाकू. तू हो म्हण म्हणजे विक्कीला कळवते.

इकडे तिखट पुऱ्यांचं पीठ, चिवडा, मिरचीचा ठेचा, सगळं काय काय न्यायचं ते ठरवून ठेवलं आहे. यांनी एक शिट्टी आणली आहे, डोंगरात चुकामूक झाली तर वाजवायला. सध्या स्वयंपाकघरात चहा मागण्यासाठी वाजवतात.

लगेच लिही. तुझा शब्द आला की मी पिशव्या भरते.

तुझी,
शीला


केळापूर,
ता. १९ जानेवारी २०२५

चि. शीलास,
अ. उ. आशीर्वाद.

घरच्यापुढं तं कोणीबी बाप म्हणते. त्यात काय मोठं? तो माणूस म्हणला तो परक्यापुढं म्हणला, मंग बापबी परक्यापुढंच म्हणाव लागन. पूर्ण गाडी घेऊ नोको. उरलेल्या सीटवर लोक बसू दे. जेवढे जास्त बसतीन तेवढे चांगले.

स्वेटर आहे माह्यापाशी. शिट्टी लपवून ठेव.

लोभ असू दे, पण याच्यात मधी पडू नोको.

तुही बाई,
पंचफुला


वणी,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

ती. फुलाबाईस,
शीलाचा सविनय जय भीम. वि. वि.

हे पत्र यांच्या हातचं आहे, मी सांगते आणि ते लिहितात, म्हणून अक्षर डंपरसारखं दिसेल. परवा ढिगाऱ्यावरून उतरताना माती घसरली आणि माझा पाय मातीत अडकून राहिला, मी पुढे गेले. घोट्याचं हाड चिरलं आहे. प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले की महिनाभर जमिनीला पाय लावायचा नाही. डोंगर चढण्याच्या तयारीत पाय मोडला, आणि डोंगर तरी कोणता, तर खाणीतल्या मातीचा.

सगळं पुढे ढकललं आहे. विक्कीनं लेणी, महाड, दापोली मार्चच्या मध्यावर नेलं. सफारीच्या आमच्या दोन सीट परत दिल्या, त्या लगेच दुसऱ्या कोणी घेतल्या म्हणे. तुझी सीट अजून तशीच आहे, पण तू जाऊ नकोस. माझं ऐक, मार्चमध्ये आपण मिळून जाऊ. मी तुझ्या बाजूला बसलेली असेन. एकटीनं तिथं जाऊ नकोस बाई.

पत्र वेळेत पोचावं, एवढीच आशा. तुझ्या मायेवर जोर आहे, म्हणून सांगते.

तुझी,
शीला


केळापूर,
ता. १६ फेब्रुवारी २०२५

चि. शीलास,
अ. उ. आशीर्वाद, जय भीम.

तुहं पत्र सहा तारखेलेच भेटलं होतं. पोस्टाले दोष देऊ नोको. मी गेली.

आता सांगतो, मधी थांबलं तं लिहिणं होणार नाई. पहाटे गेटवर पोचली. सहा सीट. शहरातले दोन जोडपे, एका बाईचा भाऊ, अन् मी. सगळे परके. मले तं तेच पाह्यजे होतं. प्रफुल्ल आला, मले पाह्यलं. परत खोलीत गेला अन् गोधडी घेऊन आला. ती तुह्या भाऊजीची, रातच्याले वावर राखाले नेत ते जागलीची गोधडी, मी तीन वर्षं धुंडून राह्यली होती. त्यानं ती माह्या गुडघ्यावर टाकली, कडेनं खोचली, अन् समोर जाऊन ड्रायव्हरपाशी बसला. त्या लोकायले वाटलं का म्हातारीले थंडी वाजून राह्यली म्हणून गाईडनं माणुसकी केली.

शीला, पोरगं चांगलं बोलते. पक्षी ओळखते, झाडं ओळखते. हरणं दाखवले, मोर दाखवला, एक सांबर दाखवलं. पण वाघीण काही दिसली नाई. तिचे पायाचे ठसे दिसले, तेबी शिळे. लोक नाराज झाले. मोबाईल हातात धरून बसले होते अन् फोटो काढाले काही नव्हतं. मंग ते वळण आलं. तिथून आपलं वावर दिसते, विहिरीवरचं लिंबाचं झाड दिसते. समोरच्या बाईनं विचारलं का इथंच माणूस मारला होता ना.

त्यानं मागं पाह्यलं नाई. मले त्याची मान दिसे, फक्त मान. मी गोधडी मुठीत धरली. मले वाटलं, आता म्हणते का नाई. मंग तो बोलला. म्हणे, तो माहा बाप होता. उकंडा नाव होतं.

ते आयकून मले जे वाटलं ते मी तुले सांगू शकत नाई. तीन वर्षानंतर परक्या लोकाइच्या कानात त्याचं नाव गेलं होतं. मंग कोणी तरी त्याले विचारलं का तुमची आई आहे का. अन् मीच बोलली. त्यानं नाई सांगतलं, शीला, मी बोलली. छाती वर करून म्हणलं, मी त्याची माय आहे.

त्याच्यावर सगळे माह्याकडं वळले. सकाळपासून रिकामे होते ते मोबाईल वर झाले. एक जण म्हणे का आजी, इकडं पाहा. एक जण म्हणे का भाऊ, तुम्ही मागं येऊन आईच्या बाजूले बसा, मागं जंगल येऊ द्या. बाजूच्यानं सरकून जागा देल्ली, तो आला अन् बसला. काय करन? गाईड आहे तो. त्या बाईनं माहा हात धरला अन् ती रडलीबी, खोटं सांगत नाई. पण दुसऱ्या हातात तिचा मोबाईल चालूच होता. मंग त्याले विचारत गेले. तुम्ही तवा कुठं होते? आधी कोणी पाह्यलं? किती उरलं होतं? वाघिणीनं कुठून धरलं होतं?

अन् तो सांगत गेला, शीला. एकेकाचं उत्तर देत गेला. चितळाचं सांगतलं तशाच आवाजात. माह्या बाजूले बसून. त्याचा गुडघा माह्या गुडघ्याले लागून होता. बापाचं किती उरलं होतं ते मले गावकऱ्यायनं पाहू देल्लं नव्हतं. कपड्यात बांधूनच आणलं होतं. ते मले त्या दिवशी कळलं, परक्या लोकाइच्या गाडीत.

तवा समजलं मले का तो काहून तो माणूस म्हणे. तो माणूस म्हणलं का कोणी पुढचं विचारत नाई. बिच्चारी मैना म्हणतात अन् गाडी पुढं जाते. पोरगं दिवसातून दोनदा बापाले झाकून ठेवत होतं, अन् मी अट घालून त्याच्याच हातानं ते उघडं करवलं.

तुही बाई,
पंचफुला


वणी,
ता. ४ मार्च २०२५

ती. फुलाबाईस,
शीलाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. मला काय लिहावं कळेना, म्हणून इतके दिवस लावले. तू जेवतेस ना? प्रफुल्ल कसा आहे? त्याला फोन लावते तर तो उचलतो, बरा आहे म्हणतो आणि ठेवून देतो.

तुला सांगू की नको, असं होत होतं. पण बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तो फोटो फिरून राहिला आहे. विक्कीला पुण्यात त्याच्या ऑफिसातल्या माणसानं दाखवला. तू आणि प्रफुल्ल गोधडी घेऊन बसलेले, मागे जंगल. खाली लिहिलं आहे की वाघानं नवरा नेला, मुलगा वाघ दाखवतो. लोकांनी हात जोडलेल्या खुणा टाकल्या आहेत. विक्कीला ही माझी मावशी आहे असं म्हणता आलं नाही. तो फोनवर रडत होता.

माझं प्लास्टर निघालं. काठी घेऊन चालते. डोंगर आता माझ्याच्यानं होणार नाही, लेण्यांना खालूनच हात जोडू. पण समुद्र राहिला आहे. आम्ही सतरा तारखेला निघतो आहोत. तू ये. प्रफुल्ललाही सुटी घ्यायला लावून घेऊन ये. चार दिवस कोणी ओळखत नाही अशा जागी बसू. नुसतं पाण्याकडे पाहत बसू. हात जोडते बाई, ये.

तुझी वाट पाहणारी,
शीला


केळापूर,
ता. ११ मार्च २०२५

चि. शीलास,
अ. उ. आशीर्वाद, जय भीम.

पाय जपून टाकजो. जवाईबापूले सांगजो, काठी वाळूत रुतते, हात धरून न्या.

प्रफुल्ल आता घरी येते. तुले पाह्यजे होतं ते झालं. जेवाले येते, माह्या बाजूले बसते. मी त्याच्या आवडीची सुकडी करतो. तो खाते अन् ताट धुवून ठेवते. आधी मी बोलत नव्हती, आता त्याच्या तोंडून शब्द निघत नाई. मी त्याले म्हणलं का बाबू, माही अट गेली, तू पहिलेसारखं तो माणूस म्हणत जा. तो म्हणे का आई, आता ते होत नाई. लोक गेटवर येऊन माहं नावच सांगतात. ज्याच्या बापाले मारलं तो गाईड द्या म्हणतात. बाकीचे पोट्टे गाडीची वाट पाहात बसतात, अन् याले बसाले फुरसत नाई. वळण यायच्या आधीच विचारतात. ते तुमचे वडील ना?

सोडून दे म्हणलं. तं म्हणे, सोडून काय करू? सुटी माग म्हणलं, मावशीसंग समुद्र पाहून येऊ. तो म्हणे का तिथंबी लोक असतीनच.

मैना काही दिसली नाई म्हणतात महिनाभरापासून. दुसऱ्या जंगलात गेली असन. तिचं बरं आहे, तिले जाता येते.

मी येत नाई. बूट एसटीनं पाठवून राह्यली, तुह्याच पायाचे आहेत, तू घाल. सलवार भुरीबाईच्या सुनेले दे. तुह्या भाऊजीचं तेवढं काम करजो. मासे खाशीन तं आधी बिनमिठाचा एक तुकडा चाखून पाह्यजो अन् मले कळवजो, का खारा लागते का आळणी.

आहे तेवढी माया राहू दे, जास्तीची आता झेपत नाई.

तुही बाई

ता. क. तिकडं समुद्रावर कोणी विचारलं, का तुमच्यासंग आणखी कोणी येणार होतं काय, तं सांगजो का एक बाई होती, तिचं जमलं नाई. बहीण म्हणू नोको. नावबी नोको सांगू.